हिब्रू धर्मग्रंथांतील नेतृत्वविचार

हिब्रू धर्मग्रंथांत व्यक्त झालेली लोकनेत्याच्या अधिकाराची व उत्तरदायित्वाची कल्पना. तोरा (धर्मशास्त्र), नेबीईम (संदेष्टे) व केतुबीम (लेख) असे या ग्रंथांचे तीन विभाग असून ख्रिस्ती परंपरेत ते ‘जुना करार’ म्हणून ओळखले जातात. नेतृत्वावर स्वतंत्र प्रबंध त्यांत नाही. नियम, कथा व संदेष्ट्यांची वचने यांतून हा विचार प्रकट होतो. नेत्याचा अधिकार ईश्वराने सोपविलेला असून तो धर्मनियमाच्या अधीन असतो, हे त्याचे मुख्य सूत्र होय.

‘निर्गम’ या ग्रंथातील कथेनुसार मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत असे. अशाने तो व लोक दोघेही थकून जातील, असे त्याचा सासरा इथ्रो याने त्यास बजावले. कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ व लाचेचा तिटकारा असलेले पुरुष हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर नेमावेत आणि अवघड प्रकरणे तेवढी मोशेने पाहावीत, असे त्याने सुचविले. इथ्रो हा मिद्यानी याजक, म्हणजे परकीय. तरीही मोशेने त्याचा सल्ला मानला.

राजपदाविषयी हे ग्रंथ सावध आहेत. लोकांनी राजा मागितला, तेव्हा तो त्यांची मुले, शेते व उत्पन्नाचा दशांश घेईल, असा इशारा शमुवेलाने दिला. राजाने घोडे, स्त्रिया व सोनेरुपे यांचा फार संचय करू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून ती आयुष्यभर वाचावी आणि आपल्या बांधवांहून स्वतःस श्रेष्ठ मानू नये, असे ‘अनुवाद’ या ग्रंथात (अ. १७) सांगितले आहे.

या मर्यादा मोडणाऱ्या राजाला जाब विचारण्याचे कार्य संदेष्टे करतात. दाविदाने उरीयाच्या पत्नीचा अपहार करून उरीयाला युद्धात मारविले. तेव्हा नाथानाने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावणाऱ्या श्रीमंताची कथा सांगून राजाकडूनच त्या श्रीमंताचा निषेध वदविला आणि मग तो मनुष्य तूच आहेस, असे त्यास सुनावले. दाविदाने अपराध मान्य केला. शलमोनाचा पुत्र रहबाम याने मात्र प्रजेवरील जू हलके करण्याचा वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावला; परिणामी इ. स. पू. सु. ९३० मध्ये राज्य दुभंगले, असे ‘राजे’ या ग्रंथातील कथन आहे. पुढे इराणी साम्राज्याचा यहूदातील प्रांताधिपती नहेम्या याने आपल्या पहिल्या बारा वर्षांत प्रांताधिपतीचा अन्नभत्ता घेतला नाही. प्रजेवर आधीच मोठा भार होता, हे कारण त्याच्या नावावरील ग्रंथात दिले आहे.

या कथांच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांतील दृष्टीही एकसारखी नाही : दाविदाच्या वंशाला शाश्वत राज्याचे अभिवचन दिल्याचे वर्णन याच ग्रंथांत असून ‘इतिहास’ या उत्तरकालीन ग्रंथाने उरीयाच्या पत्नीचे प्रकरण गाळले आहे. प्राचीन पश्चिम आशियातील राजलेखांचा भर सामान्यतः राजाच्या गौरवावर असे. त्या पार्श्वभूमीवर, स्वतःच्या सर्वांत मान्यवर राजाचा अपराध पवित्र ग्रंथात जतन करणे, हे या परंपरेचे लक्षणीय वैशिष्ट्य मानावे लागते.