जुन्या इंजिनाला नवे पार्ट : पैसा कुठे घालावा?

घरात कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० असली आणि मुलगा कॉलेजात जाऊ लागला, की मागणी ठरलेलीच : "अब्बा, मोठा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवू, गाडी पळेल." हा खर्च करावा का, याचा हिशेब आम्ही येथे मांडतो.

हे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ताकद ४० अश्वशक्तीच्या आत. ती ५ टक्के वाढली असे धरले, तरी वाढ जेमतेम २ अश्वशक्तीची. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढतो. जेट न बदलता जास्त हवा गेली, तर पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि इंजिन तापते. मोठ्या सायलेन्सरने वाढतो तो मुख्यतः आवाज. तो मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दंडही होतो.

जुन्या गाडीची ताकद जाते ती झिजलेल्या पिस्टन रिंगा, गळके व्हॉल्व्ह आणि तुंबलेल्या कार्ब्युरेटरमुळे. म्हणून आधी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. मग प्लग, साधा फिल्टर, टायमिंग आणि व्हॉल्व्हची फट पाहावी. पॉइंटवाल्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र फायद्याचे. पॉइंट घासण्याची कटकट संपते. पैसे उरले तर ब्रेक आणि टायर.

मुलाची हौस मोडू नये. त्याला मिस्त्रीजवळ उभे करावे, प्लग काढून साफ करायला शिकवावे. गाडीही सुधारते आणि मुलाच्या हाताला एक काम येते.