जुन्या बाहुल्यांची जोपासना

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें एक गांव आहे. तेथील ठाकर समाजांत लाकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी अशा तीन कला वंशपरंपरेनें चालत आल्या आहेत. कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनीं नाचवितात; चामड्याची बाहुली दिव्यापुढें धरून तिची सावली पांढऱ्या पडद्यावर पाडतात; आणि चित्रकथी एकेक चित्र पुढें करीत रामायण-महाभारतांतील आख्यान गाऊन सांगतो. एका आख्यानाच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. सावंतवाडीच्या राजघराण्याचा ह्या कलांना आश्रय होता.

असें असूनही फार जुन्या बाहुल्या आज थोड्याच आढळतात. ह्याचें एक कारण कोंकणची दमट हवा. पावसाळ्यांत चामड्यास बुरशी येते, लाकडास कीड लागते आणि दोऱ्या कुजतात. दुसरें कारण श्रद्धेचें आहे. भारतांतील अनेक बाहुलीकार जीर्ण बाहुली केरांत न टाकतां आदरपूर्वक पाण्यांत विसर्जन करीत. राम किंवा सीता म्हणून जी नाचली, तिची अप्रतिष्ठा होऊं नये हा त्यांतील भाव. घरांत नवी बाहुली घडविणारा हात होता तोंवर ह्या रीतीनें कलेचें कांहींच नुकसान झालें नाहीं. पण तो हात थांबला म्हणजे मागें नमुनाही उरत नाहीं. संग्रहाची गरज येथूनच उत्पन्न होते.

जुनी बाहुली हातीं आली कीं ती धुवून तिला नवा रंग द्यावा, असें प्रथम कोणालाही वाटतें. परंतु त्यानेंच तिचा घात होतो. पाण्यानें जुने रंग सुटतात आणि नव्या रंगाखालीं मूळ कारागिराची रेघ झांकली जाते. चामडें ओलाव्यानें फुगतें व उष्णतेनें आकसतें; म्हणून वांकलेली छायाबाहुली विस्तवाजवळ धरून सरळ करूं नये. जाणते लोक प्रथम तिचें छायाचित्र घेतात आणि मग रंग पक्का असल्याची खात्री करून मऊ, कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडतात. किडीची शंका आल्यास ती बाहुली इतरांपासून दूर ठेवितात. फाटलेल्या चित्रास पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें लावितात, कारण ही खळ पुढें ओलावा देऊन सोडवितां येते. आपण केलेली दुरुस्ती पुढच्या मनुष्यास काढतां आली पाहिजे, हा ह्या विद्येचा मुख्य नियम होय.

मग जी बाहुली अजून खेळांत नाचते, तिचें काय करावें? तिची दोरी तुटली तर ती बदललीच पाहिजे. न नाचणारी बाहुली खेळास निरुपयोगी. ह्यावर उत्तम तोड अशी कीं जुनी बाहुली जशीच्या तशी जपावी आणि तिच्यावरून नवी घडवून ती नाचवावी. ह्यायोगें जुन्या हाताची खूण राहते व नव्या हातास कामही मिळतें.

संग्राहकानें आणखी दोन गोष्टी पाळाव्या. संचांतील एकच सुंदर बाहुली उचलून नेऊं नये. रावणावांचून राम एकटा पडतो आणि कथा मोडते. तसेंच ती कोणत्या आख्यानांतील, कोणती दोरी कोणता अवयव हालविते, त्या वेळीं कोणतें गाणें म्हणतात, हें सर्व बाहुलीकाराच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावें. ही माहिती बाहुलीच्या अंगावर कोरलेली नसते. ती सांगणाऱ्याबरोबरच जाते.

पिंगुळीचे श्री. परशुराम गंगावणे ह्यांनीं आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचें रूपांतर करून तेथें ह्या कलांचें संग्रहालय उभारलें. 2021 सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. संग्रहास राजवाडाच लागतो असें नाहीं, हें ह्यावरून दिसून येतें. विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरच्या माळ्यावर एखादी जुनी बाहुली सांपडली तर रंगाची डबी आणण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस तिची हकीकत विचारा आणि ती वहींत उतरून घ्या.