शंभर दिवसांची राखण

भुकेलाही हंगाम असतो, हे शहरात चटकन ध्यानात येत नाही. मेळघाटात तो पंचांगाइतका पक्का आहे. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत होळी उरकली की अनेक कोरकू कुटुंबं मजुरीसाठी डोंगर उतरतात आणि पेरणीच्या तोंडावर परततात. तोवर घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं. आईबाप दिवसभर शेतात, नाले भरलेले, पिण्याचं पाणी गढूळ. हगवण, हिवताप आणि न्यूमोनिया नेमके याच दिवसांत घरात शिरतात. अर्धपोटी मुलाला हगवणीचे दोन दिवसही भारी पडतात. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला आणि प्रश्न उच्च न्यायालयात गेला. पुढे १९९७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मैत्री’ या संस्थेने हा हंगामच हेरला. पावसाळ्याचे शंभर दिवस, स्वयंसेवकांच्या दहा-दहा दिवसांच्या तुकड्या, एक तुकडी परतली की दुसरी हजर. मोहिमेला नाव दिलं ‘धडक’. नाव लढाऊ असलं तरी काम राखणीचं आहे, आणि तिचं मोल राखणीच्या हिशेबानेच करायला हवं.

राखणदार पीक पिकवत नाही. ऐन वेळी तो बांधावर हवा असतो. अन्नदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंगत येते, वाढपी येतात, फोटोही येतो. मेळघाटात पोत्याने धान्य नेऊन टाकणं त्या मानाने सोपं. अवघड असतं ते घरोघर जाऊन सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावणं. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, तर ते मूल तीव्र कुपोषित. पट्टीला भाषा लागत नाही, वीज लागत नाही. मात्र पट्टी लावणारं माणूस दारात लागतं, तेही नाल्याला पूर असताना. मग आजारी मुलाला आरोग्य केंद्रापर्यंत पोचवायचं, आईची समजूत घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. असल्या कामाचा फोटो निघत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरकारच्या जबाबदारीचा. अंगणवाडी आहे, पोषण पुनर्वसन केंद्र आहे, २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेतून एक वेळचं ताजं जेवण आहे. मग पुण्यामुंबईच्या लोकांनी तिथे का जावं? जबाबदारी सरकारचीच, यात वाद नाही. पण योजना दारापर्यंत येते आणि उंबऱ्यावर अडते. स्वयंसेवकाने समांतर अंगणवाडी थाटली, तर आक्षेप खरा ठरेल. असलेल्या अंगणवाडीच्या यादीतून निसटलेलं मूल त्याने तिथे नोंदवलं, तर नाही. सरकारचं काम हलकं करणारा स्वयंसेवक मला फारसा मोलाचा वाटत नाही. सरकारला त्याचं राहिलेलं काम दाखवणारा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्यांच्या घरात धान्य नाही त्यांना पोषणाचे धडे देणं ही क्रूर थट्टा नव्हे का? फळं खा, दूध प्या असा उपदेश असेल तर थट्टाच. कुटकी आणि मोह ज्यांच्या ओळखीचे आहेत त्यांना शहराने सकस आहार शिकवू नये. पण काही गोष्टी धान्याइतक्याच जीव वाचवतात. हगवण लागली की मुलाचं खाणंपिणं तोडायचं नसतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर मूल तगू शकतं. मुलाचं पोट मुठीएवढं, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवावं लागतं. अर्थात पेरणीला गेलेली आई पुन्हा पुन्हा कसं भरवणार? इथे ज्ञान थकतं आणि घरी थांबणाऱ्या आजीला, थोरल्या बहिणीला हाताशी धरावं लागतं. मुलाला मोठ्यांनी भरवायचं की भावंडांनी, हा पोषणाचाच प्रश्न आहे.

दहा दिवसांचा पाहुणा, त्यात कोरकूचा गंध नाही, तो काय करणार, या तिसऱ्या आक्षेपाला मात्र पुरतं उत्तर नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीच्या बळावर ती उमगत नाही. शिवाय महाराष्ट्रातला सर्वांत भक्कम पुरावा पाहुण्याच्या विरुद्धच जातो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना घरोघरच्या नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे टिकणारं काम गावाच्याच हातून होतं. तरीही तुकड्यांची साखळी निरुपयोगी ठरत नाही, कारण शंभर दिवसांत दार एकदाही सुनं राहत नाही. पाहुण्याचं यश त्याच्या दहा दिवसांत मोजता येत नाही. जाताना त्याने पुढच्याच्या आणि गावातल्या बाईच्या हाती कोणत्या मुलांची नावं ठेवली, त्यावर ते ठरतं.

अडचण उरते ती पाऊस सरल्यानंतरची. होळीला आईबापांबरोबर जिल्ह्याबाहेर गेलेलं मूल अंगणवाडीच्या वहीत असतं, अंगणवाडीत नसतं, आणि ज्या गावी ते पोचलेलं असतं तिथल्या वहीत त्याचं नावच नसतं.