‘शॉर्टकट व्हायरस’ची मुळे

प्रवेशांचे दिवस आले की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशन रोडपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. मार्कशीट, दाखले, आधार कार्ड यांच्या प्रिंटसाठी एकामागून एक पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लागतात आणि संध्याकाळी घरोघर परततात. घरी उघडून पाहावे तर सगळे फोल्डर जागच्या जागी. फक्त प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला असतो. दुकानदारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात.

मूळ फोल्डर गेलेले नसतात. व्हायरसने त्यांच्यावर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारून त्यांना नजरेआड केलेले असते आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की लपवलेला खरा फोल्डर उघडतो आणि त्याच क्षणी शेजारी दडलेली एक स्क्रिप्टही सुरू होते. मार्कशीट समोर दिसते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. तेवढ्यात स्क्रिप्टने आपली एक प्रत विंडोजच्या ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरमध्ये टाकलेली असते. कॉम्प्युटर सुरू होताच आपणही सुरू व्हावे, अशी नोंद तिने विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) करून ठेवलेली असते. मग ती पुढच्या पेनड्राइव्हची वाट पाहत बसते.

पूर्वी एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्राम ‘ऑटोरन’ सोयीमुळे आपोआप चालू शकत असे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठी अपडेट देऊन पेनड्राइव्हपुरती ही वाट बंद केली. त्यानंतर माणसाकडूनच क्लिक करवून घेणे भाग पडले आणि त्या कामी शॉर्टकट उपयोगी पडला.

बहुतेकांची चूक सफाईच्या वेळी होते. शॉर्टकट डिलीट करायचे, फार तर पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि सुटलो म्हणायचे. मिनिटभरात बाण पुन्हा हजर! शेतातली हरळी वरवर खुरपली तर आठ दिवसांत पुन्हा फुटते, तसेच हे आहे. पेनड्राइव्हवर दिसतो तो शेंडा; मूळ कॉम्प्युटरमध्ये असते.

म्हणून सफाईत क्रमाला महत्त्व आहे. आधी सगळे पेनड्राइव्ह काढून इंटरनेट बंद करायचे. मग टास्क मॅनेजरमध्ये चालू असलेली स्क्रिप्ट थांबवायची. अशा वेळी तिथे बहुधा ‘विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ हे नाव दिसते. त्यानंतर ती पुन्हा सुरू होण्याच्या जागा तपासायच्या: स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर, रजिस्ट्रीतली ‘रन’ नोंद. मूळ फाइल पुसायची ती यानंतर, आणि पेनड्राइव्हवरचे फोल्डर ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञेने उघडे करायचे ते सगळ्यात शेवटी. स्क्रिप्ट जिवंत असताना नोंद पुसली, तर अनेकदा ती काही सेकंदांत नवी नोंद करते.

हे हाताने जमण्यासारखे नसेल, तर विंडोजमध्येच दोन सोयी आहेत. ‘सेफ मोड’मध्ये कॉम्प्युटर अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टींसह सुरू होतो आणि ‘रन’मधल्या नोंदी सहसा चालवल्या जात नाहीत. दुसरी सोय ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ची. त्यात नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत, तपासणी होते. व्हायरस जागा नसताना त्याला पकडणे सोपे जाते.

महाराष्ट्रातला एक मोठा उद्योग याच कामातून उभा राहिला. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. १९९३ मध्ये त्यांनी ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिनचा बिघाड व्हायरसमुळेच होता. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होते. ते या व्हायरसवर उपाय लिहू लागले. ‘मायकेलअँजेलो’सारखा त्या काळचा व्हायरस डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे डॉसच्याही आधी चालणाऱ्या जागी बसत असे. मूळ बूट सेक्टर तो डिस्कवरच दुसरीकडे सरकवून ठेवी. तो मूळ सेक्टर शोधून परत जागेवर ठेवला, तरच मशिन बरे झाले म्हणायचे. या कामातून ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस जन्माला आले आणि २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

आज मात्र कॉम्प्युटर स्वच्छ झाला तरी काम संपत नाही. अंबरनाथमधल्या एखाद्या घरात मुलगा फुकटचा गेम किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’ शोधत असतो. समोर पान येते: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा.’ त्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा अशा रीतीने मुलाच्याच हातून चालवली जाते. ‘लुमा’सारखा चोर आत शिरून ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन टिकवणाऱ्या कुकीज बाहेर पाठवतो. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटरना त्याची लागण झाल्याचे मायक्रोसॉफ्टला आढळले. त्यानंतर युरोपोल आणि इतरांच्या मदतीने त्याचे जाळे तोडण्यात आले.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत अनेक घरांतल्या एकाच कॉम्प्युटरवर मुलांचा अभ्यास, जीन्सच्या कारखान्याचा हिशेब, जीएसटी आणि नेट बँकिंग असे सगळे चालते. म्हणून चोर बाहेर काढला तरी चोरीला गेलेल्या किल्ल्या बदलाव्याच लागतात, आणि त्याही दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून. आधी ईमेलचा पासवर्ड, मग बँकेचा, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करायचे, कारण चोरलेली कुकी असेल तर पासवर्डशिवायही आत शिरता येते.

काही वेळा व्हायरस नसतोच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ अशी भीती घालणारी पाटी पुन्हा पुन्हा येते, कारण कधीतरी एका संकेतस्थळाला ‘अलाउ’ म्हटलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती परवानगी काढली की पाटी थांबते. पाटीवरच्या नंबरला फोन करू नये. तिकडचा माणूस दुरुस्तीच्या नावाखाली कॉम्प्युटरचा ताबा मागतो.

खंडणीखोर व्हायरसचे दुखणे सर्वांत अवघड. तो काढून टाकला तरी त्याने कुलूपबंद केलेले फोटो आणि कागदपत्रे उघडत नाहीत. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात, सगळ्यांच्या नाहीत. कॉम्प्युटरपासून एरवी सोडवून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर प्रत असेल, तरच निर्धास्त राहता येते.

सरकारी मदतही आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर सफाईची साधने मोफत मिळतात. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते.

कॉम्प्युटर दुकानात टाकणाऱ्यांनी मशिन परत घेताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: व्हायरस कुठून सुरू होत होता, आणि ती नोंद काढली का? शिवाय विंडोजची आवृत्ती पाहून घ्यावी. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा योजनेची मुदत सुरुवातीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली, मात्र त्यासाठी नाव नोंदवावे लागते. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकणे हाही एक मार्ग आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.