इटलीतलं स्वस्त शहर कुठलं?

गणपती झाले की गिरगावातल्या चाळींमध्ये सहलींचे बेत सुरू होतात. गोवा, गोकर्ण, मनाली करून झालेलं असतं, नोकरीला दोन-तीन वर्षं झालेली असतात, आणि हल्ली या बेतांमध्ये इटलीचं नाव बरंच ऐकू येतं. सहा-सात जणांचा ग्रुप, आठवड्याभराची रजा आणि मोजकेच पैसे. मग यादी तयार होते: मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम. एवढा खर्च करून जायचं तर जास्तीत जास्त शहरं बघून पैसे वसूल करायचे, हा त्यामागचा हिशोब. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

एका शहरातून दुसऱ्यात जाताना अर्धा दिवस हमखास जातो. खोली सकाळी सोडायची, नवी दुपारी मिळणार, मधल्या वेळात बॅगा ठेवायलाही पैसे. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडी दीड तासात नेते हे खरं, पण तिचं तिकीट विमानासारखं असतं: आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी कितीतरी पट. प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, त्या फक्त हळू जातात. त्यांचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय गाडीत बसू नये, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आठवडा असेल तर तीन शहरं पुष्कळ झाली. आणि विमानाचं तिकीट काढताना उतरायचं एका टोकाला, म्हणजे मिलान किंवा व्हेनिसला, आणि परतायचं रोमहून, असं बघावं. उलटा प्रवास वाचतो.

‘रोम राजधानी, म्हणजे महाग’ असं धरून तिथे एकच रात्र ठेवणारे अनेक आहेत. राहणं तिथे स्वस्त नाही, हे मान्य. पण बघण्याचा खर्च धरला तर रोमइतकं उदार शहर इटलीत दुसरं नाही. सेंट पीटर्स बॅसिलिकात मायकेलअँजेलोचा ‘पिएता’ फुकट बघायला मिळतो, त्याचाच मोझेस सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमध्ये, तोही फुकट. सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये कॅराव्हॅज्जोची तीन मोठी चित्रं आहेत. सांता मारिया देल पोपोलोमध्ये आणखी दोन. चॅपेलमध्ये अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि काळोखातून घोडा, त्याच्या पायाशी हात पसरून पडलेला सेंट पॉल एकदम समोर येतो. संग्रहालयात ज्याच्यासाठी रांग लावली असती, ते इथे एका नाण्यात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढीच अट. पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या लोखंडी नळांना अखंड वाहत असतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

कॉलेजचं ओळखपत्र दाखवून तिकिटात सवलत मिळेल, या भरवशावर मात्र राहू नका. १८ ते २५ वयासाठीचं दोन युरोंचं सवलतीचं तिकीट सरकारी स्थळांवर मुख्यतः युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. आपल्याला पूर्ण तिकीट. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम, पॉम्पेईसारखी सरकारी स्थळं सगळ्यांना मोफत असतात. गर्दी सोसायची तयारी असेल तर तारखा त्याप्रमाणे लावाव्यात.

नेपल्सचं नाव काढलं की घरचे घाबरतात. पाकीटमार तिथे आहेत, तसे रोमच्या मेट्रोतही आहेत. लालबागच्या गर्दीत खिसा सांभाळणाऱ्या पोरांना वेगळं काय शिकवायचं? रोमहून सव्वा तासावरच्या या शहरात खाणं आणि राहणं उत्तरेपेक्षा स्वस्त पडतं, आणि पॉम्पेईला लोकल गाडी जाते. शाकाहारी मंडळींनी इथली मारिनारा खावी: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज अजिबात नाही. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ‘इटलीत व्हेज म्हणजे प्रश्नच नाही’ हे तेवढं खरं नाही.

व्हेनिसबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. गोंडोलाचे ९० युरो माणशी नसून अख्ख्या नावेचे असतात, अर्ध्या तासाचे, पाच जणांपर्यंत. म्हणजे माणशी १८. संध्याकाळी सातनंतर दर वाढतो. पलीकडच्या काठाला नुसतं जायचं तर त्राघेत्तो नावाची साधी होडी दोन युरोंत नेते. उलट जलबसचं एक तिकीट साडेनऊ युरो, त्यामुळे बेटावर चालावं. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत राहणं म्हणजे लांब राहणं नव्हे. चर्नी रोडहून दादरला लागतो त्याहून कमी वेळात गाडी व्हेनिसला पोचते. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मेस्त्रे व्हेनिस पालिकेतच येतं, म्हणून तिथे मुक्काम असेल तर ते माफ होतं, पण तशी ऑनलाइन नोंद करावी लागते. मुक्कामाचा पर्यटनकर मात्र बहुतेक मोठ्या शहरांत माणशी, रोज, वेगळा. हॉस्टेलच्या जाहिरातीतला आकडा बघून हिशोब केला तर तो चुकतो.

आणि बोलोन्या, जे कुणाच्याच यादीत नसतं! १०८८ पासूनची परंपरा सांगणारं विद्यापीठ, त्यामुळे गाव विद्यार्थ्यांचं, खाणं त्यांच्या खिशाला परवडणारं. फ्लॉरेन्स वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत, व्हेनिस दीड तासावर. एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून दोन्ही शहरं बघून परत येता येतं. मराठी माणसाने इथे थांबायला आणखी एक कारण आहे. बोलोन्याच्या पूर्वेला सेन्यो नदी आहे. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी तिथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी गोळीबारात, पाण्यातून, सुरुंगांतून जखमी साथीदारांना बाहेर काढलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. जवळच्या फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे; बोलोन्याहून प्रादेशिक गाडीने साधारण तासाभरात पोचता येतं. मी तर पिसा वगळून फोर्ली घेईन.

शेवटचा गैरसमज व्हिसाचा. ग्रुप एक असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, बँकेचं स्टेटमेंट वेगळं, ३० हजार युरोंचा विमा वेगळा. शुल्क ९० युरो, वर केंद्राचा सेवाआकार, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. एकाला मिळतो, दुसऱ्याला नाही, असं घडतं. वाटेत पॅरिस जोडायचं असेल तर ज्या देशात जास्त दिवस, त्याच देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हा लवकर करावा, आणि सगळ्यांचा निकाल हाती येईपर्यंत रद्द करता येईल अशाच खोल्या धराव्यात.