फ्रिजमधली ऊब

डॅलसला मी गेले होते बहिणीच्या बाळंतपणासाठी. निघताना संपादक म्हणाले, ‘तिकडे आपला एक माणूस घरात सापाची अंडी उबवतो म्हणे. जमलं तर बघून या.’ बाळ रात्रीचं झोपायला लागल्यावर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मी दोन गल्ल्या पलीकडच्या त्या घराची बेल वाजवली.

दार वहिनींनी उघडलं. ‘साप बघायला ना? डावीकडे वळा. स्वयंपाकघरातून जायचं नाही, आमचा तसा करार आहे.’

गृहस्थ मूळचे शिराळा तालुक्यातले. लहानपणी नागपंचमीला मडक्यांतले जिवंत नाग पाहिलेले. पुढे न्यायालयाने ती प्रथा थांबवली. इथे त्यांच्याकडे आहेत ते कॅलिफोर्निया किंगस्नेक. बिनविषारी, तीन-साडेतीन फुटांचे, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, जणू कोणी मोजून ओढलेले. ‘किंग’ कशाला, तर हा साप सापांना खातो. रॅटलस्नेकलाही विळखा घालून गिळतो. त्याच्या विषाचा याच्यावर फारसा परिणाम होत नाही.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातलं एकच पात्र मला आवडलं. सॅन डिएगोकडे या सापाचे दोन नमुने सापडत: एकाला आडवे पट्टे, दुसऱ्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. शास्त्रज्ञांनी त्या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. लॉरेन्स क्लॉबर हे तिथल्या वीज कंपनीतले इंजिनिअर, सापांचा अभ्यास हा फावल्या वेळचा उद्योग. 1930च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं, की एकाच मादीच्या एकाच खेपेच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेची पिल्लं निघतात. झाला निकाल. त्यासाठी अंडी नीट उबवण्याएवढा धीर मात्र लागला असणार.

आमच्या या गृहस्थांचा धीर एका फ्रिजमध्ये आहे. काचेच्या दाराचा, वाइन ठेवायचा छोटा फ्रिज. कॉम्प्रेसर गेला म्हणून कोणीतरी रस्त्याकडेला ठेवलेला. त्यांनी आत तापणारी पट्टी चिकटवली, जुन्या संगणकाचा पंखा बसवला आणि संवेदकाची वायर थर्मोस्टॅटला जोडली. ‘फ्रिजला थंडी कळत नाही आणि ऊबही कळत नाही, ताई. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला कळतं.’ तळाला पाण्याने भरलेल्या चार बाटल्या. वीज गेली तर हे पाणी सावकाश निवतं, आतलं तापमान एकदम ढासळत नाही. काट्यावर 28 अंश होते. मी तासभर बसले होते, आकडा हलला नाही.

आधी हा फ्रिज गॅरेजमध्ये होता. पण टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेज चाळिशीला टेकतं आणि तापवणारं यंत्र गार करू शकत नाही. फार तापलं तर अंडी मरतात, नाहीतर पिल्लू कण्यात वाकडं निघतं. म्हणून फ्रिज घरात आला, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. करार बहुधा तेव्हाच झाला असावा.

फ्रिजमध्ये झाकणाचा प्लास्टिकचा डबा. डब्यात व्हर्मिक्युलाइट, म्हणजे भाजून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज, आणि वजनाने तेवढंच पाणी. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, थेंब पडू नये. भाकरीचं पीठ ओळखणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. त्यात नऊ अंडी अर्धी रुतवलेली. कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नव्हेत. लांबट, कातड्यासारख्या सालीची, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकावर पेन्सिलीने एक फुली.

या फुलीपाशी मी अडकले. कोंबडी अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवते, आणि सापाचं अंडं जसं पडलं तसंच महिना-दोन महिने राहायला हवं. पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन पिळदार दोऱ्यांनी तोलून धरलेला असतो. सापाच्या अंड्यात ते दोरे नसतात. पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला सालीलगत चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं तर त्याचा जीव धोक्यात. म्हणून फुली वर. ‘माझं काम काय, तर हात मागे ठेवायचे,’ ते म्हणाले. म्हणाले खरं, पण दर दहा मिनिटांनी उठून काचेला नाक लावत होते.

फ्रिज हा शेवटचा टप्पा. सुरुवात आदल्या नोव्हेंबरात होते. दोन आठवडे उपाशी ठेवून सापांचं पोट रिकामं करतात, कारण गारठ्यात अन्न पचत नाही, आत कुजतं. मग अडीच-तीन महिने अंधार आणि बारा अंशांची थंडी. ही थंडी मिळाली नाही तर वसंतात जोडी जमेलच असं नाही. फेब्रुवारी 2021मध्ये टेक्ससची वीज गेली, लाखो घरं गोठली. घरची माणसं तीन-तीन रजया घेऊन बसली होती, आणि हे गृहस्थ सापांचे डबे आपल्या पांघरुणात घेऊन. बारा अंश हवेत, शून्य नको! वहिनी त्या रात्री मुलीच्या खोलीत झोपल्या.

मार्च-एप्रिलमध्ये मीलन. आधी मादीला पोटभर उंदीर, कारण भुकेली मादी नवऱ्याकडे जेवण म्हणून बघू शकते. हातात साप उचलायचा आकडा घेऊन हे गृहस्थ जवळ बसून राहतात. मग मादी जाडावते, कात टाकते, आणि त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी.

मी गेले तो अठ्ठावन्नावा दिवस. दोन अंड्यांना ब्लेडने मारल्यासारख्या चिरा पडल्या होत्या. पिल्लाच्या ओठावर टोकदार दात असतो, फक्त या एका कामासाठी. नंतर तो गळून पडतो. एका चिरेतून करंगळीपेक्षा लहान डोकं बाहेर आलं, श्वास घेतला, आणि तिथेच थांबलं. उरलेला बलक शोषून होईपर्यंत ते असंच बसणार, एखाद दिवस, कधी दोन. ओढून काढायचं नाही. माझ्या बहिणीच्या लेबररूममधली घाई मला आठवली.

इथवर सगळं कौतुकाचं. पुढचं त्यांनीच काढलं.

प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा लागतो, कारण भावंडंही भक्ष्यच. पहिली कात टाकली की खायला द्यायचं, गोठवलेलं उंदराचं पिल्लू, कोमट करून. त्यासाठी स्वतंत्र फ्रीझर आहे. मोदकांशेजारी ते ठेवायला वहिनी कशा तयार होतील? काही पिल्लं तोंडच लावत नाहीत. मग कुंपणावरचा सरडा धरायचा, उंदराचं पिल्लू त्याच्या अंगाला घासून वास लावायचा, सरड्याला सोडून द्यायचं. तरी गेल्या वर्षी एक उपाशी गेलं. ते सांगताना त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ.

आणि जगलेली? हा साप वीस वर्षं जगू शकतो. हौशी माणसाला पांढरा-गुलाबी, रंगद्रव्य नसलेला हवा असतो. साधा पट्ट्यांचा कोण घेणार? एखादी कॉलेजची पोर हौसेने नेते, वर्षभरात गाव बदलते. मग फोन येतो, ‘काका, परत घ्याल का?’ परत आलेले चार आहेत.

‘ग्रान कनारिया ठाऊक आहे?’ त्यांनी विचारलं. स्पेनचं अटलांटिकमधलं बेट. पाळलेले किंगस्नेक तिथे सुटले, 1998पासून रानात दिसू लागले. त्या बेटावर मुळात सापच नव्हते, त्यामुळे तिथल्या महाकाय सरड्याला सापाची भीती ठाऊक नव्हती. 2021च्या अभ्यासानुसार, साप जिथे पसरले तिथे हे सरडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. हजारो साप पकडूनही संपलेले नाहीत. पकडलेल्यांत पांढरे-गुलाबीही निघाले, म्हणजे कुणाच्या तरी अशाच डब्यातली ही वंशावळ.

हे बोलत असताना त्यांनी मोठ्या सापांच्या प्रत्येक डब्याची कडी दाबून पाहिली. मी उठायच्या आत तो फेरा त्यांनी पुन्हा एकदा केला.

तिसऱ्या अंड्याला चीर पडली होती. ‘पुढच्या वर्षी थंडी द्यायची नाही,’ ते काचेकडे बघत म्हणाले. ‘बास झालं.’

भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, ‘चौथं वर्ष आहे हे ऐकण्याचं. चहा टाकलाय, हात धुऊन या.’