दुर्मिळ आर्केड यंत्रांचा संग्रह : किंमत, मूल्य आणि जतन

नाणे टाकून खेळावयाच्या ज्या व्हिडिओ यंत्रांना पाश्चात्त्य देशांत 'आर्केड' यंत्रे म्हणतात आणि जी आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरांतून परिचित झाली, ती मुळात करमणुकीच्या धंद्यातील भांडवली साधने होती. गल्ला देणे बंद झाले की त्यांची रवानगी अडगळीत होत असे. हीच यंत्रे आज अमेरिकेत व जपानमध्ये संग्राहकांच्या चढाओढीचा विषय झाली आहेत. विशेषतः २०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत जुन्या खेळसाहित्याच्या किमती झपाट्याने वाढल्या. तेव्हा एवढी किंमत देऊन दुर्मिळ यंत्रे जमविणे सार्थ आहे काय, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर संग्राहकाच्या हौसेवर सोपवून चालणार नाही. त्यात अर्थशास्त्राचा एक भाग आहे, तसाच इतिहाससाधनांच्या जतनाचाही आहे. आणि हे दोन्ही भाग वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

१. दुर्मिळतेचा उगम

व्यापारी तत्त्वावर विकले गेलेले पहिले नाणेयंत्र 'कॉम्प्युटर स्पेस' हे १९७१ साली अमेरिकेत निघाले. पुढील वर्षी अटारी कंपनीच्या 'पाँग'ने या धंद्याचा पाया घातला. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचे 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्ये नामको कंपनीचे 'पॅक-मॅन' यांनी या करमणुकीला जगभर नेले. अटारीच्या 'ॲस्टरॉइड्स' या १९७९ च्या यंत्राचा खप ७०,००० च्या पुढे गेला. उलट, त्याच कंपनीचे १९८४ चे 'आय, रोबॉट' हे यंत्र दीड हजारांचाही पल्ला गाठू शकले नाही. भरीव बहुकोनांनी त्रिमिती दृश्ये रंगविणारे ते पहिले व्यापारी खेळयंत्र मानले जाते. परंतु तत्कालीन गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरविली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या क्षेत्रातील दुर्मिळता ही बहुधा गुणवत्तेची खूण नसून व्यापारी अपयशाची खूण असते. जे यंत्र लोकांना आवडले ते भरपूर तयार झाले, आणि जे आवडले नाही ते थोडके राहिले. दुर्मिळतेचे दुसरे कारण रूपांतर हे होय. यंत्राचा चालक आठवड्याच्या गल्ल्यावरून यंत्राची योग्यता ठरवी. गल्ला घटला की तीच पेटी, तोच पडदा ठेवून आतील सर्किट बोर्ड बदलावयाचा, बाहेरची चित्रे उतरवून नवी चिकटवावयाची, असा प्रघात होता. 'डाँकी काँग' या १९८१ च्या सुप्रसिद्ध खेळाचा अमेरिकेतील आरंभच मुळी असा झाला. 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची सुमारे २,००० यंत्रे निन्टेन्डो कंपनीकडे पडून राहिली होती. त्यांचेच रूपांतर करून हा नवा खेळ बाजारात आणला गेला. साहजिकच मूळ 'रडार स्कोप' आज क्वचितच दृष्टीस पडतो. सारांश, काही यंत्रे जन्मतःच थोडी होती, तर काही पुष्कळ असूनही धंद्याच्या गरजेने नष्ट झाली.

२. किंमत नेमकी कशाची?

दुर्मिळ यंत्राची किंमत देताना संग्राहक एकाच वेळी तीन वस्तू विकत घेत असतो. पहिली म्हणजे चिपांत साठविलेली आज्ञावली, अर्थात खुद्द खेळ. दुसरी म्हणजे यंत्राचा देह : पेटी, चित्रे, मुठी, चक्रे आणि काचनळीचा पडदा. तिसरी म्हणजे दुर्मिळतेचा मान, म्हणजे इतरांजवळ नसलेली वस्तू आपणाजवळ असल्याचे समाधान व पुढे ती चढ्या भावाने विकली जाण्याची आशा.

यांपैकी पहिल्या वस्तूची नक्कल करता येते, व ती नक्कल मुळाइतकीच अचूक असते. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन आज्ञावलीकाराने 'मामे' हा प्रकल्प सुरू केला. जुन्या यंत्रांच्या अंतर्रचनेचे साध्या संगणकावर अनुकरण करणे हे त्याचे कार्य असून, आज हजारो खेळ त्या मार्गाने अभ्यासास उपलब्ध आहेत. तेव्हा केवळ खेळ खेळावयाचा असेल तर हजारो डॉलर खर्चण्याचे प्रयोजन उरत नाही.

दुसऱ्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. 'ॲस्टरॉइड्स' किंवा १९८१ चे 'टेम्पेस्ट' या यंत्रांत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ न फिरता चित्रातील रेषाच थेट काढीत जातो. त्यामुळे येणारी रेषेची तीक्ष्णता व बिंदूची झळाळी ठिपक्यांनी बनलेल्या आधुनिक पडद्यावर हुबेहूब उतरत नाही. 'टेम्पेस्ट'चे फिरते चक्र अथवा 'मिसाइल कमांड'चा लोळता चेंडू हाताखाली असल्यावाचून त्या खेळांची गतीही नीट कळत नाही. 'पाँग'च्या बाबतीत तर आज्ञावली अशी नाहीच. त्यात सूक्ष्मप्रक्रियकच नाही. सारा खेळ चिपांच्या जोडणीतून सिद्ध होतो. तेथे यंत्राचा परिपथ हाच खेळाचा मूळ लेख होय. म्हणून यंत्राच्या देहासाठी दिलेली किंमत सार्थ ठरण्यास आधार आहे, असे म्हणावे लागते.

तिसऱ्या वस्तूविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारियो ६४' या घरगुती खेळाची एक न उघडलेली प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. हा खेळ लक्षावधी प्रतींनी खपलेला आहे. तेव्हा ती किंमत खेळाची नव्हती. ती वेष्टनाच्या अभंगतेची व खरेदीदारांच्या अपेक्षांची होती. अशा आकड्यांवरून आर्केड यंत्रांच्या भावाचे अनुमान बांधणे युक्त नव्हे.

३. राखण्याचा खर्च

नाणी, तिकिटे अथवा चित्रे कपाटात ठेविली तरी फारशी झिजत नाहीत. आर्केड यंत्र मात्र बंद ठेविले तरी झिजते आणि चालू ठेविले तरी झिजते. त्यातील कपॅसिटर कालांतराने सुकतात. एकच आकृती तासन् तास दाखवून पडद्यावर तिचा कायमचा डाग उमटतो; पुष्कळ 'पॅक-मॅन' यंत्रांवर त्या भुलभुलैयाच्या भिंती पडदा बंद असतानाही दिसतात. काचनळ्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले आहे. त्यांची दुरुस्ती हजारो व्होल्टच्या दाबाशी संबंधित असल्याने जाणता कारागीर लागतो, आणि असे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. आज्ञावली ज्या चिपांत असते त्यांतील माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते. हा भार दीर्घकाळात हळूहळू गळतो. शिवाय माणसाच्या उंचीची ही पेटी ठेवावयास कोरडी जागा हवी, तिचे भाडे वेगळेच.

हिशेबाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादे यंत्र ५,००० डॉलरना घेतले. दुरुस्ती व जागा यांवर वर्षाकाठी ३०० डॉलर खर्च झाले, आणि हाच पैसा अन्यत्र गुंतविला असता तर शेकडा ५ टक्के उत्पन्न आले असते, असे समजू. दहा वर्षांअखेर मुद्दल व तिचे व्याज मिळून सुमारे ८,१४० डॉलर होतात आणि वार्षिक खर्च व्याजासह सुमारे ३,७७० डॉलर होतो. म्हणजे केवळ तोटा न होण्यासाठी ते यंत्र ११,९०० डॉलरच्या आसपास विकले गेले पाहिजे. त्यातून लिलावाची दलाली शेकडा १० टक्के वजा जाणार असेल, तर विक्रीची किंमत १३,२०० डॉलरच्या पुढे जावयास हवी. याचा अर्थ भावात दरसाल शेकडा १० टक्क्यांहून थोडी अधिक वाढ, आणि तीही सलग दहा वर्षे.

अशी वाढ टिकेल काय? मागणीचा उगम पाहिला तर शंका येते. १९८० साली जो मुलगा बारा वर्षांचा होता तो २०२५ साली सत्तावन्न वर्षांचा झाला. ज्यांच्या बालपणाशी ही यंत्रे निगडित आहेत, त्यांच्या हाती आज पैसा आहे. पण पुढील दोन-तीन दशकांत हेच संग्रह वारसांकडून बाजारात येऊ लागतील. मोठा संग्रह एकदम विक्रीस निघणे ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील 'म्युझियम ऑफ पिनबॉल' या संस्थेचा विशाल यंत्रसंग्रह सप्टेंबर २०२१ मध्ये लिलावाने विखुरला गेला. त्या वर्षी भाव तेजीत होते. प्रत्येक संग्रहाला असा मुहूर्त लाभेलच असे नाही.

तथापि या हिशेबात एक रकाना जाणूनबुजून मोकळा ठेविला आहे : यंत्र वापरण्याचा आनंद. जो मालक ते यंत्र चालवितो, इतरांना खेळू देतो आणि त्या समाधानासाठी वर्षाला ३०० डॉलर खुशीने मोजील, त्याच्यापुरता देखभालीचा खर्च हा तोटा नसून उपभोगाचे मोल ठरते. म्हणून तेच यंत्र तीच किंमत देऊन घेतल्यास खेळणाऱ्याला परवडेल व साठवणाऱ्याला परवडणार नाही, असे होऊ शकते.

४. मूळ आणि प्रत

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. अटारीने १९८२ साली 'अका आर' नावाचा एक खेळ तयार केला. माइक हॅली व डेव्ह रॉल्स्टन हे त्याचे कर्ते; नावही त्यांच्याच नावांवर कोटी करून, इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले. चाचणीच्या वेळी खेळाडूंना तो अवघड वाटला आणि त्याचे उत्पादन झालेच नाही. पुढे त्याची केवळ तीन यंत्रे संग्राहकांच्या ज्ञात होती. तिन्ही खाजगी मालकीची असल्यामुळे कित्येक वर्षे हा खेळ सामान्य अभ्यासकाला केवळ नावानेच ठाऊक होता. २०१९ साली त्याच्या आज्ञावलीची प्रत प्रसृत झाली. ती कशी बाहेर पडली यावरून मोठा वाद माजला. अखेरीस नोव्हेंबर २०२२ मध्ये 'अटारी ५०' या संग्रहात कंपनीने तो खेळ अधिकृतपणे प्रसिद्ध केला, व २०२३ मध्ये जेफ मिंटर या ब्रिटिश रचनाकाराने त्याची नवी आवृत्ती सादर केली.

मालकाच्या संमतीवाचून त्याच्या वस्तूची प्रत घेणे समर्थनीय नाही, हे उघड आहे. परंतु प्रत झाली तर आपल्या यंत्राचा भाव उतरेल, या भीतीने आज्ञावली दडवून ठेवणाऱ्याची समजूत कितपत बरोबर आहे, हेही तपासले पाहिजे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्यांना जुनी दप्तरे बाळगणाऱ्या घराण्यांत हीच भीती आढळली होती. आणि दाखविली नाहीत म्हणून कित्येक दप्तरे सुरक्षित राहिली असे नाही, ती वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली.

आर्केड यंत्रांतील वाळवी म्हणजे बॅटरी. कॅपकॉम कंपनीने १९९३ पासून वापरलेल्या 'सीपीएस-२' या बोर्डांत आज्ञावली सांकेतिक रूपात असे व तिची किल्ली बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या स्मृतीत ठेविलेली असे. हेतू नकलांना आळा घालण्याचा होता. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि धडधाकट बोर्ड मुका होई. सेगा कंपनीच्या काही बोर्डांतही असाच प्रकार होता. अशा बोर्डांचे मालक अनेक वर्षे असहाय होते. त्यांची सुटका केली ती हौशी अभ्यासकांनी. बोर्डांची तपासणी, आज्ञावल्यांच्या प्रती व परस्परांतील देवघेव यांच्या बळावर २००७ साली 'सीपीएस-२'ची सांकेतिक पद्धती उलगडली गेली आणि मृत बोर्ड पुन्हा जिवंत करण्याचा मार्ग खुला झाला.

या उदाहरणाचा बोध स्पष्ट आहे. प्रत ही मूळ यंत्राची प्रतिस्पर्धी नव्हे. प्रत हा मूळ यंत्राचा विमा आहे. चिपेतील भार गळाला तरी जतन केलेल्या प्रतीवरून नवी चिप भरता येते आणि यंत्र पूर्ववत् चालते. ज्या यंत्राची प्रत कोठेच नाही, त्याच्या मालकाजवळ अधिक मौल्यवान वस्तू असल्याचा भास होतो खरा. वस्तुतः त्याच्याजवळ कोणत्याही दिवशी निरुपयोगी होऊ शकणारी वस्तू असते. प्रत नाकारून तो समाजाचे जितके नुकसान करतो तितकेच स्वतःचेही करतो.

५. निष्कर्ष

सार्वजनिक संस्थांनी या कामी हात घातला आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालय मूळ यंत्रे सांभाळते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली 'पॅक-मॅन'सह १४ खेळ रचनाकलेचे नमुने म्हणून आपल्या संग्रहात घेतले. परंतु संस्थांची जागा व द्रव्यबळ मर्यादित असल्याने बहुसंख्य दुर्मिळ यंत्रे खाजगी घरांतच राहणार. खाजगी संग्राहकाला म्हणूनच महत्त्व आहे.

त्याने खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. या यंत्राच्या देहात अनुकरणाने न मिळणारे असे काही आहे काय? ते चालते ठेवण्याची ऐपत व कारागिराची सोय आपणाजवळ आहे काय? त्यातील आज्ञावलीची व परिपथाची नोंद झाली आहे काय, आणि नसल्यास ती करून देण्याची आपली तयारी आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर वाढती किंमतही सार्थ ठरू शकते. कारण ती एका चालत्या इतिहाससाधनाचे पालकत्व घेण्याची किंमत आहे. केवळ भाव चढेल या आशेने, दार बंद करून ठेवण्यासाठी, दिलेली किंमत मात्र थोडी असली तरी अधिकच समजावी.